‘काही चुकलं तर लगेच सांगते’: वजनाच्या नोंदींवर उत्तर कसं द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी आहारतज्ज्ञ आहे, कोथरूडला नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. वजन कमी करायला येणाऱ्या पेशंट्सना रोज ताटाचे फोटो, सकाळचं वजन आणि पावलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगते. चांगलं असेल तर “छान” लिहिते, काही चुकलं तर लगेच सांगते. पंधरा दिवस उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात फोटो बंद होतात. फीडबॅक कमी पडतोय का? दिवसातून दोन-तीनदा द्यावा का?’

फीडबॅक कमी पडत नाहीये. ‘चुकलं तर लगेच सांगते’ हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, तिथेच मला अडचण दिसते. पेशंट हुशार असतात. कोणता फोटो टाकला की ‘छान’ येतं आणि कोणत्या फोटोवर ‘तळलेलं टाळा’ येतं, हे त्यांना चार दिवसांत कळतं. मग काकडी-गाजराच्या ताटल्या येत राहतात आणि रात्री साडेदहाचा श्रीखंडाचा डबा येत नाही. पुढे खाल्लेलं आणि पाठवलेलं यातलं अंतर त्यांचं त्यांनाच नकोसं होतं आणि एक दिवस सगळंच थांबतं. आपण म्हणतो, मोटिव्हेशन गेलं.

नोंद ही मुळातच नाजूक गोष्ट आहे. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. ‘काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या मोजक्या लोकांचं खाणं आणि हालचाल शास्त्रीय पद्धतीने मोजली. सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्के जास्त. या माणसांना खोटारडं म्हणण्यात अर्थ नाही, बहुतेकांना आपण खरंच तेवढंच खातो असं वाटत होतं. कुणी धमकावत नसताना ही स्थिती. आपल्या उत्तराने त्यात भीती घातली तर काय उरेल? तेव्हा तुमच्या उत्तराचं पहिलं काम वजन उतरवणं नाही. उद्याची नोंद खरी येईल एवढं बघणं, हे ते काम.

हे कसं करायचं ते एका खऱ्या देवघेवीवरून सांगते, ओळख कळेल असे तपशील बदलून. पंचेचाळिशीचे गृहस्थ, ऑफिस हिंजवडीला, घर कर्वेनगरला. बुधवारी रात्री त्यांचा मेसेज आला: ‘आज वाट लागली. चांदणी चौकात अडकलो, दोन वडापाव खाल्ले. घरी येऊन पुन्हा पूर्ण जेवलो.’

यावर हात शिवशिवतातच. ‘बाहेरचं टाळा’, ‘एका वडापावात किती कॅलरी असतात माहीत आहे ना?’ त्यांना माहीत असतं. वाट लागली असं त्यांनीच लिहिलंय. मी लिहिलं: ‘लिहिलंत ते बरं केलंत. सोमवारीही पावणेआठला भेळ आहे. दोन्ही दिवशी डबा साडेबाराला संपलाय आणि मग सात तास नुसता चहा. साडेपाचला निघण्याआधी काही खाता येईल का? कॅन्टीनमध्ये काय मिळतं?’

या उत्तरात उपदेश कुठेच नाही. त्यांच्याच वहीतल्या दोन दिवसांची सांगड घातली आहे, जी त्यांना दिसली नव्हती, कारण प्रत्येक दिवस त्यांनी सुटा लिहिला होता. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे. त्यांनी कळवलं, उकडलेली अंडी मिळतात, पण ती संध्याकाळपर्यंत संपतात. फुटाणे मात्र ड्रॉवरमध्ये ठेवता येतील. ठरलं. गुरुवारी मी एवढंच विचारलं, ‘साडेपाचचे फुटाणे?’ शुक्रवारी त्यांनी लिहिलं, ‘फुटाणे खाल्ले, तरी एक वडापाव झालाच.’ आता इथे ‘तरी एक’ यावर बोट ठेवायचं की दोनाचा एक झाला यावर? मी दोन्हीवर ठेवलं नाही. विचारलं, ‘घरी आल्यावर पोळ्या किती?’ नेहमी चार, त्या दिवशी दोन. हे त्यांनी आपण होऊन लिहिलं नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात दिवस वडापावशी नापास झाला होता.

चांगल्या उत्तरासाठी मी स्वतःला तीन गोष्टी विचारते. यात पेशंटच्याच नोंदीतला एखादा ठोस तपशील आहे का? त्यातून पुढच्या एका जेवणाबद्दल काही ठरतंय का? आणि हे वाचून तो पुढची वाईट नोंद पाठवेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ येत असेल तर पहिली दोन कितीही अचूक असोत, मेसेज पुसून टाकते. आपल्या पुण्यात आणखी एक धोका आहे. आपलं साधं वाक्यही पाटीसारखं वाचलं जातं. ‘रात्री नऊनंतर खाऊ नये’ हे तुम्ही काळजीने लिहाल, समोरचा ते ‘येथे गाड्या लावू नयेत’ या चालीत वाचेल.

आता ‘छान’बद्दल. स्तुतीने काम होतं असा आपला समज आहे. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला होता, वजनाचा नव्हे, सर्वच क्षेत्रांतला. सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकने कामगिरी घसरली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर, म्हणजे ‘मी कसा आहे’ यावर गेलं, की परिणाम ओसरतो. ‘शाब्बास’, ‘गुड गर्ल’, टाळ्यांचा इमोजी हे सगळं माणसाबद्दल बोलतं. आज शाब्बास मिळाली म्हणजे उद्या ती जाऊही शकते, हा हिशेब प्रौढ माणूसही मनात करतोच. त्यापेक्षा ‘या आठवड्यात पाच दिवस दुपारी डाळ किंवा उसळ आहे, मागच्या आठवड्यात दोन दिवस होती’ असं लिहा. यातही कौतुक आहेच, आणि काय चालू ठेवायचं तेही कळतं.

किती वेळा द्यावा, हा तुमचा दुसरा प्रश्न. स्वतःच्या नोंदी ठेवणं आणि वजन उतरणं यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. बर्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २२ अभ्यास तपासले, त्यांत तो सातत्याने आढळला, जरी पुराव्याची प्रत फार भक्कम नव्हती. फीडबॅकचं चित्र मात्र एवढं सरळ नाही. याच गटाने पिट्सबर्ग विद्यापीठात २१० जणांवर दोन वर्षांची चाचणी केली होती: काहींना कागदी वही, काहींना हातातलं छोटं यंत्र, काहींना यंत्र आणि शिवाय रोज नोंदीनुसार एक संदेश. सहा महिन्यांनी किमान ५ टक्के वजन उतरवणारे संदेशाच्या गटात ६३ टक्के होते, बाकी दोन गटांत निम्म्याहून कमी. दोन वर्षांनी मात्र गटागटांत फरक उरला नाही. पुढे स्मार्टफोनच्या काळात त्यांनी ५०२ जणांवर मोठी चाचणी केली, दिवसाला तीनपर्यंत आपोआप येणारे संदेश देऊन. २०२२ मध्ये निकाल आला: संदेश मिळालेल्यांचं आणि न मिळालेल्यांचं वजन सारखंच उतरलं होतं, सहा महिन्यांनीही आणि वर्षानेही.

म्हणजे दिवसाला तीन मेसेज हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. माझं वाचन असं की यंत्राचा संदेश नोंद ओळखतो, पण ती ज्या घरातून येते ते घर त्याला ओळखता येत नाही. टेट, जॅकव्हनी आणि विंग यांच्या २००६ च्या अभ्यासात ईमेलवरून सल्ला होता, एका गटाला संगणकाने लिहिलेला, दुसऱ्याला माणसाने लिहिलेला. तीन महिन्यांपर्यंत दोन्ही गट जवळपास बरोबरीने चालले. सहाव्या महिन्यात माणसाच्या गटाचं वजन सरासरी ७.३ किलो उतरलं होतं, संगणकाच्या गटाचं ४.९. ‘तयार मेसेज शेड्यूल करून ठेवले तर?’ असं नवे लोक विचारतात, त्यांना मी हे सांगते. सुरुवात निभावेल, पुढचं नाही.

मी स्वतः पहिले दोन आठवडे रोज एकदाच उत्तर देते, तेही संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेला. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, दोन महिन्यांनंतर रविवारी एकदा. हे वेळापत्रक पहिल्याच भेटीत सांगून टाका. ‘मॅडमनी निळी टिक करूनही उत्तर दिलं नाही’ यावरून मी चांगल्या पेशंटना रुसलेलं पाहिलंय.

काय पाठवायला सांगता, त्याकडेही बघा. रोज तीन गोष्टी मागणं पहिल्या महिन्यात जड होतं. २०१९ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात ऑनलाइन नोंदीला पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी २३ मिनिटं लागत होती, सहाव्या महिन्यात १५ पेक्षाही कमी. ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांनी जास्त मिनिटं खर्च केली नव्हती, जास्त वेळा नोंद केली होती. म्हणून मी पोळीचं वजन, भाताचे ग्रॅम विचारत नाही. खाल्ल्यावर लगेच एक ओळ, शुद्धलेखन माफ. ‘दीड पोळी, मेथी, ताक, वर दोन घास मुलाच्या ताटातले’ ही माझ्या लेखी उत्तम नोंद आहे. मुलांचं उरलंसुरलं आणि आमटीची चव बघणं हे लिहायला लागल्यावर कित्येक बायकांना संध्याकाळची गणितं कळतात. पुरुषांच्या नोंदीत त्या जागी अमृततुल्यचा चहा असतो. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी साखर आणि क्रीमरोल किंवा खारी.

फोटोवर एवढी भिस्त ठेवू नका, हेही सांगते. फोटोत तेल दिसत नाही. भरल्या वांग्याचा फोटो बघून त्यात दोन चमचे तेल आहे की पाच, मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. त्यासाठी रोजच्या नोंदीपेक्षा महिन्याची एक नोंद कामाची. तेलाचा कॅन उघडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावरच मार्करने लिहायला सांगा. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन तीस दिवसांत संपला तर माणशी रोजचं तेल साधारण ४२ मिलि पडतं, म्हणजे जवळपास ३४५ कॅलरी. तोच कॅन पंचेचाळीस दिवस पुरला तर २८ मिलि, सुमारे २३० कॅलरी. माणशी रोज शंभरावर कॅलरींचा फरक पडला आणि कुणाच्या ताटातला एकही पदार्थ बदलला नाही. शिवाय हा हिशेब सगळ्या घराचा असतो, एकट्या सुनेचा किंवा एकट्या ‘जाड्या’चा नाही. सासूबाईंनाही तो पटतो, कारण त्यात पैसेही वाचतात.

वजनाच्या आकड्यावर उत्तर देताना सर्वांत जास्त संयम लागतो. एका बाईंचा आठवडा सोमवारपासून असा होता: ८२.४, ८२.१, ८२.६, ८२.०, ८१.९, ८२.३ आणि रविवारी सकाळी ८३.१. शनिवारी रात्री म्हात्रे पुलाजवळच्या एका कार्यालयात लग्नाचं रिसेप्शन होतं. रविवारी सकाळी सात वाजता मेसेज: ‘सगळं पाण्यात गेलं.’ गंमत म्हणजे खरोखर पाणीच होतं. भात, गोड आणि मिठाचं खाणं झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. एका रात्रीत ८०० ग्रॅम चरबी वाढायची तर गरजेपेक्षा सहा हजारांवर कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं कुठल्याच पंगतीत होत नाही. त्यांना मी आकडेमोड सांगितली आणि पुढचे सात दिवस नेहमीसारखं वजन करायला सांगितलं. दुसरा आठवडा: ८२.८, ८२.३, ८१.९, ८१.८, ८२.०, ८१.६, ८१.७. पहिल्या आठवड्याची सरासरी ८२.३, दुसऱ्याची ८२.०. तीनशे ग्रॅम उतरले, तेही रिसेप्शन धरून.

मी रोजच्या वजनावर कधीच मत देत नाही, फक्त आठवड्याच्या सरासरीवर देते, आणि हेही आधीच सांगून ठेवते. पाळीच्या आधीचे दिवस त्या तक्त्यावर खूण करून ठेवायला सांगा, नाहीतर दर महिन्याला तीच घबराट. रोज काट्यावर उभं राहण्याने ज्यांचा दिवस खराब होतो त्यांना आठवड्यातून एकदाच करू द्या, हट्ट नको.

कंबर मात्र पंधरा दिवसांनी मोजून घ्याच. केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २००४ चा फोटो तुम्ही शिकताना पाहिला असेल. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची २१.२. भारतीय शरीरात वजन बेतात असूनही पोटाशी चरबी असू शकते, म्हणूनच आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी ही कंबरेची मर्यादा धरतात. व्यायाम सुरू केलेल्या माणसाचं वजन तीन आठवडे जागेवर आणि कंबर दोन सेंमी कमी, हे वारंवार दिसतं. अशा वेळी उत्तर द्यायला तुमच्याकडे दुसरा आकडा हवा.

पावलांबद्दल थोडंच. दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. प्रयोगशाळेतून तो आलेला नाही. चार हजारांवरून साडेपाच हजारांवर आलेल्या माणसाला ‘अजून साडेचार बाकी’ म्हणणं निव्वळ दुष्टपणा आहे. त्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा. उलट पर्वती चढून आलो म्हणून मिसळ, असा हिशेब कुणी मांडला तर तोही हळूच दुरुस्त करावा लागतो. पर्वतीच्या चढ-उतारात एका वडापावाएवढीही ऊर्जा खर्च होत नाही. पण हे त्याच दिवशी सांगू नका. पुढच्या रविवारी, निघायच्या आधी, ‘परत आल्यावर नाश्ता काय?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

खरं तर आधी विचारलेला प्रश्न हाच मला सर्वांत उपयोगी फीडबॅक वाटतो, कारण नंतरच्या शेऱ्याने खाल्लेलं परत येत नाही. गणपतीच्या आधी मागच्या वर्षीच्या त्या दहा दिवसांच्या नोंदी काढून दाखवते. बहुतेकांना वाटतं वजन मोदकांनी वाढलं. नोंदीत दिसतं की मोदक दोन दिवसांचे होते आणि उरलेले दिवस प्रसादाचे पेढे, दर्शनाला गेल्यावर मिळालेल्या चिवड्याच्या बशा आणि रात्री देखावे बघायला बाहेर पडल्यावरचं खाणं. श्रावणातल्या उपासाचंही तेच: ‘काही खाल्लं नाही, उपास होता’ या ओळीमागे शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर असतात. उपासाच्या दिवशीही नोंद करायची असते, हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. पेशंटचा ग्रुप काढून त्यावर वजनं टाकायला लावणं ही पहिली. यादीत सर्वांत वर असलेले तीन जण खूश होतात, बाकीचे गुपचूप बाहेर पडतात. दुसरी, नवऱ्याला किंवा आईला ‘लक्ष ठेवा’ म्हणून मध्ये घेणं. फोन घरात फिरतो, तुमचा मेसेज जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला जातो, ‘बघ, मॅडम पण तेच म्हणतायत’. त्या क्षणी तुम्ही तिच्या बाजूच्या राहत नाही.

काही नोंदी बघून मात्र नेहमीची रीत सोडायची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे आणि खाणं एकदम निम्म्यावर आलंय, घाम, थरथर असं काही लिहिलंय, तर संध्याकाळची वाट न बघता फोन करा आणि डॉक्टरांशी डोस बोलून घ्यायला सांगा. प्रयत्नांच्या मानाने वजन फारच झपाट्याने उतरत असेल तरी डॉक्टरांकडे पाठवा. आणि कुणी एका बिस्किटासाठी तीन ओळी माफी लिहीत असेल, दिवसातून चारदा वजन करत असेल, खाल्ल्यावर उपाशी राहून ‘भरपाई’ करत असेल, तर तिथे नोंदीच थांबवायच्या. अशा मुलीला आकडे आणखी आत ओढतात. तिला मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते, फूड डायरीची नाही.

दोन महिने टिकलेल्या पेशंटला मी रविवारचा आढावा स्वतः लिहायला लावते: आठवड्याची सरासरी, काय जमलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात एक बदल. मी फक्त त्याखाली एक ओळ लिहिते, बहुतेकदा प्रश्नच. सुरुवातीला ते गुळमुळीत लिहितात, ‘ठीक होतं, प्रयत्न चालू आहे’. मग मी विचारते, कोणत्या वारी ठीक नव्हतं? हळूहळू त्यांना वार दिसू लागतात. हिंजवडीच्या त्या गृहस्थांनी एका रविवारी लिहिलं होतं, ‘बुधवारी मीटिंग लांबते, बुधवारचे फुटाणे दुप्पट ठेवणार.’ त्यावर मी काहीच सुचवलं नाही.

आता ज्यांचे फोटो बंद झालेत त्यांचं काय? आज संध्याकाळीच एकेकट्याला मेसेज करा, ग्रुपवर नको. ‘का पाठवलं नाही’ विचारू नका, मागचे दिवस भरून काढायलाही सांगू नका. एवढंच लिहा: ‘उद्यापासून फक्त संध्याकाळी पाच ते झोपेपर्यंतचं एका ओळीत कळवा. फोटो नको, वजन नको. जे असेल ते लिहा, पहिला आठवडाभर मी काही बदलायला सांगणार नाही.’ आणि तो आठवडा खरंच काही सांगू नका, समोर रोज रात्री आइस्क्रीम दिसलं तरी.